सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायची म्हणजे दर वेळी गप्प बसायचं का?

जवळचाच माणूस पुन्हा पुन्हा फसवत असेल, तर येशूच्या ‘सातांच्या सत्तर वेळा’ या शब्दाला धरून दर वेळी मुकाट्यानं सोडून द्यायचं का, असं तुम्ही विचारलं आहे. नाही. हे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात, मत्तय 18:22 मध्ये आहे आणि लोक तेवढंच पाठ करतात. त्याच अध्यायात थोडं वर, 15 ते 17 या वचनांत, अपराध झाल्यावर काय करायचं ते येशूनं सांगून ठेवलं आहे. ते ऐकल्यावरच येशूचा शिष्य पेत्र ‘किती वेळा क्षमा करायची?’ असं विचारतो.

पहिल्यांदा त्या माणसाकडे एकट्यानं जायचं आणि त्याचा अपराध त्याला दाखवायचा. बहुतेक ठिकाणी बिघडतं ते इथेच. त्याच्याशी बोलायच्या आधी चार जणांच्या कानावर घातलेलं असतं, मग तो चूक कबूल करण्याऐवजी अब्रू सांभाळायला लागतो. जाताना ‘तू नेहमी असाच वागतोस’ हे घेऊन जाऊ नका. काय केलं, केव्हा केलं आणि त्यानं कोणतं नुकसान झालं, एवढंच घेऊन जा. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्यायचं. हा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या (19:15) साक्षीदारांचा आहे. त्यामुळे ते तुमच्या बाजूचे वकील नव्हेत. चूक तुमची असेल तर तसं तोंडावर सांगणारे हवेत. तरीही ऐकलं नाही, तर मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, सांगायचं. तिचंही त्यानं ऐकलं नाही, तर तो तुम्हाला परराष्ट्रीय किंवा जकातदार (कर गोळा करणारे, ज्यांना लोक दूर ठेवत) यांच्यासारखा. म्हणजे पूर्वीचा विश्वास आणि व्यवहार थांबला. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता, हेही ध्यानात ठेवा.

मारहाण किंवा जिवाला धोका असेल, तर एकट्यानं भेटायला अजिबात जाऊ नका. आधी सुरक्षित जागी जा. लोकांनी दगड उचलले तेव्हा येशूही मंदिरातून निघून गेला होता (योहान 8:59).

मग क्षमा नेमकी कशाची? त्यासाठी लगेच पुढचा, निर्दय चाकराचा दाखला आकडे मांडून वाचा: राजानं या चाकराचं सगळं देणं सोडलं, पण त्यानं आपल्या सोबतीच्या चाकराला थोड्या देण्यापायी तुरुंगात टाकलं. त्याचं राजाकडे देणं 10,000 तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. वर्षाला 300 दिवस कामाचे धरले तर हे देणं फिटायला दोन लाख वर्षं लागतील. येशूच्या काळातला राज्यकर्ता हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या त्याच्या प्रांतांतून वर्षाला 200 तालांत मिळत, असं योसेफस हा इतिहासकार सांगतो; त्या हिशेबानं ही त्याची 50 वर्षांची मिळकत झाली. सोबतीच्या चाकराकडे याचं येणं मात्र 100 दिनार, म्हणजे चारेक महिन्यांची मजुरी. ती रक्कम काही क्षुल्लक नव्हे. तुमचं दुखणं खोटं आहे, असं येशू कुठेच म्हणत नाही.

राजा आधी हिशेब मांडतो आणि मगच सोडतो, हे मला या दाखल्यात फार मोलाचं वाटतं. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही ‘ऋण सोडणे’ हाच शब्द आहे. सोडायची ती वसुली: सूड, टोमणे, जुनं उकरून काढणं. पण गेलेला विश्वास परत मिळवणं हे समोरच्याचं काम. जक्कय हा जकातदार, लुबाडलेलं चौपट परत द्यायला उभा राहिला (लूक 19:8). चूक स्वतः कबूल करणाऱ्यासाठी मोशेच्या नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच होतं (गणना 5:7). तेव्हा पैसे बुडवणाऱ्याला क्षमा करूनही त्याच्या हाती पुन्हा पैसे न देणं हे वचनाच्या विरुद्ध नाही.

आणि एकदा क्षमा केल्यावर महिन्याभरानं तीच आठवण, तोच संताप वर आला, तर आपली क्षमा खोटी होती असं समजू नका. तेच ऋण पुन्हा सोडा. ‘सातांच्या सत्तर वेळा’ची मोजणी बऱ्याचदा एकाच अपराधावर खर्ची पडते.