जाण्याआधी ‘हे कशावरून?’ विचारायला शिका

तुम्ही विचारलंत की फिजिओथेरपीची पदवी झाली आहे, सहा महिन्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्ससाठी परदेशी जायचंय, तर पुराव्यावर आधारित संशोधनाची बाराखडी आधी शिकावी की तिथे शिकवतीलच? व्हिसा, फी, विमा यांची माहिती विद्यापीठाच्या पानांवर आहे, ती पुन्हा देत नाही. पण तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. शिकवतात हे खरं, मात्र बाराखडी येते असं धरून शिकवतात. पहिल्याच निबंधाला ‘पेपरचं (म्हणजे छापलेल्या शोधनिबंधाचं) चिकित्सक परीक्षण करा’ असं सांगितलेलं असतं, आणि ज्यांनी मेहनतीने सारांश लिहून दिला त्यांचे गुण जातात.

शोधयंत्रं चार दिवसांत हाताला बसतात. पण ज्येष्ठांनी सांगितलं, पुस्तकात छापलं म्हणजे झालं, या वळणावर वाढलेल्या माणसाला ‘हे कशावरून?’ असं विचारणं जड जातं. मला अजूनही जातं, आणि त्याची खंत आहे. या प्रश्नाची किंमत १९८९ मध्ये कळली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त, म्हणून ते ठोके दाबणारी औषधं दिली जात. तर्क बिनतोड वाटत होता. कास्ट नावाच्या चाचणीत त्यांपैकी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, ताडून पाहिली, तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. कागदावरचा ठोक्यांचा आलेख सुधारला होता, रुग्ण मात्र दगावत होते. म्हणून कुठलाही पेपर वाचताना मोजलेली गोष्ट रुग्णाच्या जगण्याशी थेट जोडलेली आहे का, ते आधी बघा.

सुरुवात प्रश्नापासून. ‘गुडघेदुखीवर व्यायाम चांगला का?’ याचं उत्तर शोधता येत नाही. पिको म्हणजे रुग्ण, उपाय, तुलना आणि परिणाम, या चार घरांत तो बसवा. रुग्ण कोण, तर ५० वर्षांवरचे, गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेले. उपाय कोणता, तर देखरेखीखाली १२ आठवडे स्नायू बळकट करणारा व्यायाम. तुलना कशाशी, तर फक्त माहितीपत्रकाशी. परिणाम कोणता, तर १२ आठवड्यांनी ० ते १०० च्या पट्टीवर मोजलेली वेदना. तुलनेचं घर पुष्कळ जण रिकामं सोडतात. मग काहीच न करता किती जणांना आपोआप बरं वाटलं असतं, हे कळायला मार्गच राहत नाही.

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधयंत्रावर सगळं एका दमात टाइप करू नका. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये प्रत्येक कल्पनेची वेगळी ओळ करा. त्या ओळीत मेशचा, म्हणजे पबमेडच्या विषयशब्दांच्या यादीतला, ठरीव शब्द आणि लेखक शीर्षकात किंवा सारांशात वापरतात ते साधे शब्द ‘ऑर’ने जोडा. नव्या पेपरांना मेशची खूण लागायला वेळ जातो, त्यामुळे नुसत्या मेशवर विसंबलात तर नेमके ताजे पेपर निसटतात. मग ओळी ‘अँड’ने जोडा, आणि हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांतच लिहा. परिणामाची ओळ सहसा घालू नये, कारण वेदना मोजलेली असूनही सारांशात तिचा उल्लेख नसतो, असं होतं. सापडलेल्या पेपरांचा आकडा विचित्र आला तर हिस्टरीतले डीटेल्स उघडा. तुमच्या शब्दाचा काय अर्थ लावला गेला ते तिथे दिसतं, चूक बहुधा तिथेच सापडते. शोधाची तारीख, पूर्ण ओळी आणि आकडे त्याच दिवशी नोंदवा. किती पेपर सापडले, किती गाळले हे दाखवणाऱ्या प्रिस्माच्या आकृतीत आकडे द्यावे लागतात, आणि महिन्याने तोच शोध केला तर तोच आकडा येत नाही.

पेपर हाती आला की पद्धतीचा भाग आधी वाचा. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे त्याला दाखल करून घेणाऱ्याला आधी कळू शकत होतं का? कळत असेल तर धडधाकट रुग्ण नकळत एका बाजूला जातात. पुढचा गट आधी लपवणं आणि नंतर उपचार कोणता चाललाय हे लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परीक्षेत त्यांचीच गल्लत होते. तुमच्या क्षेत्रात तर आणखी एक पेच आहे. व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतोय हे कळणारच. मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता असं पेपरात लिहिलेलं असतं, पण वेदना रुग्ण स्वतःच सांगतो, म्हणजे मोजणारा तोच. हा मुद्दा परीक्षणात मांडलात तर तुम्हाला विषय समजलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. शेवटी चाचणीची पूर्वनोंदणी, म्हणजे ती सुरू होण्याआधी जाहीर केलेला आराखडा, उघडून ठरवलेला मुख्य परिणाम आणि छापलेला मुख्य परिणाम एकच आहे का ते पाहा.

आकड्यांत एकच गणित पक्कं करा. धोका २० टक्क्यांवरून १५ वर आला तर ‘२५ टक्के घट’, आणि २ वरून १.५ वर आला तरी ‘२५ टक्के घट’. पहिल्यात २० जणांवर उपचार केले तर एकाचा बचाव होतो, दुसऱ्यात २०० जणांवर. पी मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ पेक्षा कमी आलं म्हणून हुरळू नका. १०० च्या पट्टीवर ४ गुणांचा फरक मोठ्या चाचणीत सहज ‘लक्षणीय’ ठरतो, पण रुग्णाला तो जाणवेलच असं नाही.

आता कागदपत्रं, ज्यांचा राग माझ्या मनातून जात नाही. प्रबंधासाठी रुग्णांची माहिती स्वतः गोळा करायची ठरवलीत तर नीतिसमितीची परवानगी लागते. अर्जावरचं शीर्षक आणि आराखड्यावरचं शीर्षक एका शब्दाने वेगळं असलं, संमतिपत्रावर आवृत्ती क्रमांक नसला, की अर्ज परत. माहिती कुठे, किती वर्षं, कोणाच्या ताब्यात राहणार हे मोघम लिहिलं तरी परत. रुग्णाच्या संरक्षणासाठी हे हवंच, हे मला पटतं. तरी हातात जेमतेम चार महिने असलेल्या विद्यार्थ्याची त्यात होणारी घुसमट मला विसरता येत नाही. एका वर्षाचा अभ्यासक्रम असेल तर पद्धतशीर आढावा घ्या, म्हणजे एका प्रश्नावरचे छापलेले पेपर ठरवलेल्या पद्धतीने शोधून तपासा. प्रॉस्पेरोवर, म्हणजे अशा आढाव्यांचे आराखडे आधी नोंदवण्याच्या जाहीर यादीत, नोंदणी करायची तर पेपरांतून माहिती काढायला लागण्यापूर्वी करा. विषयावर काय काय संशोधन झालंय एवढाच नकाशा काढणारे स्कोपिंग रिव्ह्यू तिथे घेत नाहीत. आणि पेपर निवडायला दुसरा माणूस आत्ताच गाठून ठेवा, कारण दोघांनी स्वतंत्रपणे निवड करायची असते आणि प्रबंधाच्या दिवसांत कोणालाच सवड नसते.

एकटेपणा येईल. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. विद्यापीठात आरोग्यविज्ञानाचे खास ग्रंथपाल असतात, पहिल्या पंधरवड्यात त्यांची वेळ घ्या आणि आपल्या शोधाच्या ओळी घेऊन जा. तासभर कोणीतरी शेजारी बसून तुमच्याच प्रश्नावर डोकं चालवतं, त्या दिवसांत याचं मोल फार. एकत्र बसून पेपर तपासणारा जर्नल क्लब असेल तर लवकर नाव द्या. तिथे पेपर असा मांडा: प्रश्न एका वाक्यात, पद्धत दोन मिनिटांत, मुख्य आकडा विश्वासांतरासह (खरा आकडा साधारण ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा), आणि मग तुम्हाला न पटलेली एक गोष्ट. ती गोष्ट सांगताना आवाज कापला तरी सांगा.