प्रभुभोजन अंथरुणापर्यंत

प्रश्न : माझी आई पक्षाघातामुळे दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. तिची वाचाही बरीचशी गेली आहे. धडधाकट असताना तिने रविवारची उपासना सहसा चुकवली नाही. आता प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, रविवार आला की तिच्या डोळ्यांना पाणी येते. आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावांच्या मंडळ्या (चर्च) आहेत, त्यामुळे त्यांना घरी बोलावण्याचा संकोच वाटतो. बोलावणे योग्य ठरेल का?

उत्तर : संकोच सोडा आणि याच आठवड्यात निरोप धाडा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावे, असे बायबलमधील याकोबाच्या पत्रात (५:१४) स्पष्ट सांगितले आहे; तेव्हा हा तुमच्या आईंचा हक्कच आहे. पाळक आले नाहीत म्हणून घरोघरी जी खंत ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा त्यांना कोणी कळवलेलेच नसते.

आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेणे ही मेहेरबानी आहे, असेही मानू नका. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात जमलेल्यांना भाकर आणि द्राक्षारस दिल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्याकडे पोहोचवीत, असा उल्लेख आहे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण घरी जाई ती त्याच मेजावरची भाकर.

पाच गावांचा भार एकट्या माणसाने वाहावा, अशी देववचनाची अपेक्षा नाही. याकोब ‘वडील’ अनेकवचनी म्हणतो; प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी ७ जण निवडले गेले. प्रभुभोजन कोणाच्या हातून द्यावे याची शिस्त संप्रदायागणिक निराळी आहे आणि ती पाळावीच. पण उशाशी बसून वचन वाचायला आणि प्रार्थना करायला पाळकपदाच्या दीक्षेची अट नाही. तुमच्या पाळकीय कमिटीने त्यासाठी पाळी लावून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

भेटीला येणाऱ्यांना दोन गोष्टी आधी सांगा. पक्षाघातात गिळायला त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून भाकरीचा अगदी लहान कण द्राक्षारसात भिजवून द्यावा. शिवाय बोलायचे ते आईंशी, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसून. त्यांच्यादेखत त्यांच्या दुखण्याची चर्चा तुमच्याशी नको. स्तोत्र २३ त्यांच्या स्वतःच्या, खुणा केलेल्या पवित्र शास्त्रातून वाचावे. मग त्यांचे आवडते गीत हळू चालीत म्हणावे, कारण बोलता न येणाऱ्या पुष्कळ रुग्णांना पाठ असलेले गीत मात्र गाता येते. दुसऱ्या कडव्याला आईंचे ओठ हलू लागले, तर आशीर्वादाची घाई न करता गीत शेवटपर्यंत होऊ द्यावे.