सीलिंगमागे गंजलेल्या सळ्या निघाल्या, आता काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की कांदिवलीतल्या 32 वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये चार महिन्यांपूर्वी रीसेलचा फ्लॅट घेतला. हॉलचं पीओपी काढलं तर आत गंजलेल्या सळ्या दिसल्या, बीमला खालच्या कडेने लांब चीर होती. आणि कंत्राटदार म्हणतो, "प्लास्टर मारून पुट्टी करतो, कळणारसुद्धा नाही." त्याला आजच थांबवा. कुणीतरी असंच झाकलं म्हणून तर तुम्हाला घर घेताना हे दिसलं नाही.

आमच्या बोरिवलीच्या घरात 2010 साली हेच झालं. रात्री किचनच्या स्लॅबचा परातीएवढा पोपडा ओट्यावर पडला. सकाळी स्टुलावर चढून पाहिलं तर सळीवरचा गंज नखाने ओढला तरी पापुद्र्यासारखा सुटत होता. इंजिनिअरने तारेच्या ब्रशने सळी घासून मापली. 10 मिलिमीटरची सळी जेमतेम 7 भरली. त्याच जागी आम्ही आधी दोनदा प्लास्टर करून घेतलं होतं.

होतं असं की चांगल्या काँक्रीटमध्ये सळी सुरक्षित असते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून ते संरक्षण कमी होतं, त्यात आपली खारी हवा आणि वरच्या मोरीची गळती, की सळी गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून सळीच्या बाजूने सरळ धावणारी चीर आणि प्लास्टरवरचे जाळीसारखे बारीक तडे यांत फरक आहे. तुमची चीर पहिल्या प्रकारची वाटते. काठीने हलकेच ठोकून बघा, जिथे बद्द आवाज येईल तेवढा भाग सुटलेला समजा. सासूबाईंचा पलंग त्याखाली आहे म्हणता, तो आजच हलवा.

मग चिरेशेजारी मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढा आणि सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. बीम, कॉलम, स्लॅब हा अख्ख्या बिल्डिंगचा सांगाडा आहे, तुमच्या एकट्याची जबाबदारी नाही. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, वरच्यांच्या संडास-बाथरूममधून येत असेल तर खर्च त्या सभासदाचा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (सांगाड्याची तपासणी) दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी करायचं असतं. 30 वर्षांवरच्या इमारतींना ही तपासणी सक्तीची करणारं मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम 353ब वेगळं लागू आहे. म्हणजे तुमच्या सोसायटीकडे रिपोर्ट असायलाच हवा. तो मागा. झालेलंच नसेल तर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, आणि त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल आणि कार्बोनेशन चाचण्या घालायला सांगा; काँक्रीट किती पक्कं, आत पोकळी आहे का, सळी गंजतेय का आणि कार्बन डायऑक्साइड किती आत मुरलाय हे त्यांतून कळतं. नुसती नजरेने पाहणी पुरत नाही.

आता मूळ मालकाचं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, कलम 55 नुसार विक्रेत्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडला नसता असा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. अडतं ते इथे, की त्याला माहीत होतं हे दाखवायचं कसं? माझा अनुभव असा की पुरावा सोसायटीच्या कपाटात असतो. गळतीच्या तक्रारींची पत्रं, कमिटीच्या सभांची इतिवृत्तं. सभासद म्हणून इतिवृत्तं बघायचा तुम्हाला हक्क आहे, लेखी अर्ज करा. आम्हाला विक्रीच्या 14 महिने आधीचं, आमच्या विक्रेत्याच्या सहीचं गळतीचं पत्र सापडलं. वकिलाने ते नोटिशीला जोडलं आणि विक्रेत्याने निम्मा खर्च दिला. कोर्टात जावं लागलं नाही. "जसा आहे तसा घेतला" असं करारात लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, आधी वकिलाला करार दाखवा.

महारेराबद्दल, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाबद्दल विचारलंत. तुमच्या बिल्डिंगला त्याचा उपयोग नाही. नोंदणीकृत नव्या प्रकल्पात मात्र ताब्यापासून 5 वर्षांत सांगाड्यातला दोष कळवला तर बिल्डरने 30 दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. कायद्याच्या व्याख्येत फ्लॅट पुढे विकत घेणाराही येतो.

आणखी एक. हॉल-किचनमधली भिंत आधीच्या मालकाने पाडल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. नुसत्या विटांची असेल तर ठीक, पण शेजारचा कॉलम छिलला गेलाय का ते इंजिनिअरला नक्की दाखवा. 25 जुलै 2017 ला घाटकोपरला इमारत कोसळून 17 माणसं गेली, तिथे तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं.

दुरुस्तीत सुटलेलं काँक्रीट पूर्ण काढून सळ्या घासून गंजरोधक लावतात, झिजलेल्यांना जोड देतात, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट भरतात. खाली टेकू लावल्याशिवाय बीमला छिन्नी लावू देऊ नका. रिपोर्ट आला की चाचण्यांचे आकडे कळवा, मी बघून सांगेन.