आधी तीन अंड्यांची पोळी लाटून बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात ‘मॅडम’ फार वेळा आलंय. तुझी आई आणि मी सांगलीत शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हा यापुढे मावशी म्हण.

राजीनामा टाइप करून ठेवलायस. ठेव, पण पाठवू नकोस. सॉफ्टवेअर सोडून इथे इटलीत, बोलोन्याला पास्ता करायला येणं हा वेडेपणा आहे, असं म्हणायला मला तोंड नाही. मी बँक सोडून आले. खटकलं ते तुझं एकच वाक्य, ‘रोज तेच तेच करून कंटाळलोय.’ अरे, इथे दुसरं काय आहे? काल सकाळी सात ते दीड मी तोर्तेल्लीनी मुडपत होते. छोटा चौकोन, मधे चिमूटभर सारण, त्रिकोणी घडी, बोटाभोवती वळवून टोकं चिकटवायची, की पुढचा चौकोन. डिसेंबरात तर मान वर करायला फुरसत नसते, कारण नाताळाला इथे घरोघरी रश्शातल्या तोर्तेल्लीनी लागतात. कंटाळा हेच तुझं दुखणं असेल तर ते इथेही सोबत येईल. कामाचं फळ हातात दिसत नाही हे दुखणं असेल, तर मग बोलू.

इथे हाताने लाटलेल्या पातळ पोळीला स्फोल्या म्हणतात आणि लाटणारीला स्फोलीना. माप साधं आहे, शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं. पीठ मऊ गव्हाचं, आपल्या मैद्यासारखं बारीक. म्हणून पोळी किलोत नाही, अंड्यांत मोजतात: तीन अंड्यांची, दहा अंड्यांची. पाणी नाही, तेल नाही. सुरुवातीला कणीक कोरडी वाटली म्हणून मी गुपचूप पाण्याचा हात लावला. दुकानाच्या मालकिणीने उंडा दाबून पाहिला आणि एक शब्द न बोलता कचऱ्यात टाकला. तिंबत राहिलं की ती आपोआप सैल होते, एवढाच धडा होता.

तुला चपात्या उत्तम येतात, असं आईने कौतुकाने कळवलंय. तेच आधी विसरावं लागेल. आपण लाटणं दाबतो. इथे जवळजवळ दोन हात लांब लाटण्यावर पोळी गुंडाळायची, तळवे मधून टोकांकडे सरकवत ताणायची, उलगडायची, थोडी फिरवायची, पुन्हा गुंडाळायची. पाट लाकडाचाच हवा. त्याचा खरखरीतपणा पोळीवर उतरतो आणि मग सॉस तिला धरून राहतो. पोळीतून समोरच्या टेकडीवरचं सान लूकाचं देऊळ दिसलं पाहिजे, असं इथल्या बायका म्हणतात. माझ्या पोळीतून पहिलं वर्षभर फक्त भोकं दिसली.

आणि हवा. याबद्दल कुठल्याच कोर्समध्ये पुरेसं सांगत नाहीत. थंडीत आत हीटर चालू असतो, पोळीची कड बघता बघता वाळते, आणि वाळलेल्या चौकोनाची तोर्तेल्लीनी मिटत नाही, चिरते. म्हणून एक भाग कापायचा नि बाकीची पोळी झाकून ठेवायची. ताल्यातेल्लेचं, म्हणजे लांब पट्ट्यांच्या पास्त्याचं, उलटं: पोळी जरा सुकवावी लागते, बोटाला मऊ चामड्यासारखी लागली की घडी घालून कापायची, घाई केली की पट्ट्या एकमेकींना चिकटतात. रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर. १९७२ साली इथल्या व्यापार मंडळात त्या मापाची सोन्याची पट्टी ठेवली गेली, आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग म्हणून. हसू नकोस. आपण मोदकाच्या कळ्या मोजतोच की.

तू अंडं खातोस हे ठाऊक आहे, पण डुक्कर? तोर्तेल्लीनीच्या सारणाची कृती १९७४ साली त्याच व्यापार मंडळात नोंदवली गेली: डुकराचं मांस, प्रोशूत्तो आणि मोर्तादेल्ला (हीही डुकराचीच), पार्मिजानो चीज, अंडं, जायफळ. आपल्या ओळखीचं त्यात जायफळ तेवढं. सारण चाखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांग, लाजू नकोस. मग दक्षिणेला बारीचा विचार कर. तिथे दुरुमचा, म्हणजे आपल्या बन्सी जातीच्या गव्हाचा, बारीक रवा आणि पाणी, अंडंसुद्धा नाही. जुन्या गावात बायका दारात टेबल मांडून ओरेकिएत्ते नावाचा पास्ता करतात: दोरीएवढी वळी, तिचा तुकडा, सुरीने पाटावर ओढायचा, अंगठ्यावर उलटा करायचा. लग्नाच्या रुखवतातल्या नखुल्यांची थोरली बहीणच.

कागदपत्रांचं थोडक्यात. माझं सोपं होतं, नवऱ्याची नोकरी इथली. तुझं तसं नाही. पर्यटक म्हणून येऊन काही आठवड्यांचा वर्ग करता येतो, कमावता येत नाही. ‘पगार नको, नुसतं दुकानात शिकतो’ हेही कुणाला लिहू नकोस. सरळ दुकानदार असल्या भानगडीत पडत नाही. नोकरीसाठी सरकार कोटा ठरवतं आणि अर्ज मालकाने करायचा असतो. इथे पोचल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. भाषा मात्र आजपासून सुरू कर. पीठ हाताला कळतं, मालकिणीची शिवी कळायला इटालियन लागतं.

तर आत्ता एवढंच. सुताराकडून लांब लाटणं करून घे. महिनाभर, ऑफिसला जायच्या आधी, रोज तीन अंड्यांची पोळी. आवडली नाही त्या दिवशीही. खांदा कुठे दुखतो ते लिही. मनगट दुखत असेल तर तू अजून चपातीच लाटतोयस. रविवारी शेवटची पोळी खिडकीसमोर धरून फोटो पाठव, इन्स्टाग्रामला नाही, मला.

आणि वर्गासाठी आलास तर आईकडून डबाभर नखुल्या आण. आमच्या दुकानात बारीची एक बाई आहे, असलं काम पुल्याबाहेर, म्हणजे तिच्या प्रांताबाहेर, कुणाला येत नाही असं ती रोज ऐकवते.

तुझी,
मावशी