प्रोफाइलिंगच्या (गुन्ह्यांवरून अनोळखी गुन्हेगाराचं वर्णन बांधण्याच्या पद्धतीच्या) जोरावर सुरुवातीच्या काळात खरंच एखादा सीरियल किलर सापडला होता का?

हो, लंडनचा जॉन डफी. मात्र प्रोफाइल माणूस पकडून देत नाही, आधी कोणाकडे बघायचं तेवढं सांगतं.

१९८२ पासून लंडन परिसरात रेल्वे स्थानकांच्या आसपास स्त्रियांवर बलात्कार होत होते आणि १९८५ च्या अखेरीस खून सुरू झाले. पोलिसांच्या यादीत सुमारे दोन हजार संशयित होते. तेव्हा सरे विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांची मदत घेतली गेली.

कँटरनी प्रत्येक वर्षाचे गुन्हे वेगळ्या पारदर्शक कागदावर मांडले आणि ते कागद नकाशावर एकावर एक ठेवले. सुरुवातीचे गुन्हे एका लहानशा टापूत होते, पुढचे लांब पसरत गेले होते. नवखा माणूस आधी ओळखीच्या गल्ल्यांतच हात मारतो, मग धीट होतो. म्हणजे त्याचं घर त्या पहिल्या टापूत, लंडनमधल्या किलबर्नच्या बाजूला असणार! मला यातली ही साधी नजरच सगळ्यात मोलाची वाटते. शिवाय रेल्वेची माहिती, बायको आहे पण मूल नाही, हातात कसब असलेलं काम, असेही अंदाज होते.

डफी किलबर्नमध्येच राहायचा, रेल्वेत सुतारकाम केलेला, बायकोपासून वेगळा झालेला. यादीत त्याचा नंबर होता १,५०५! प्रोफाइलशी जुळल्यावर तो वर आला, पाळत ठेवली गेली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये अटक झाली. १९८८ मध्ये त्याला दोषी ठरवलं ते मात्र पुराव्यांवर. त्यात त्याच्या आईवडिलांच्या घरी सापडलेली विशिष्ट प्रकारची सुतळीही होती. त्याचा साथीदार डेव्हिड मलकाही मात्र २००१ मध्ये दोषी ठरला.