दोन कंपन्या एक झाल्या, तर आपल्या गाडीचे काय?

बजाज ऑटोने नोव्हेंबर २०२५मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएमचा ताबा घेतला, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एकच धास्ती दिसते: आता पुढे कोण कोणाला गिळणार? आकुर्डी-भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक घरांची चूल दुचाकीवर पेटते, त्यामुळे ही धास्ती मला अगदी रास्त वाटते. त्यातल्या चार पत्रांना ही उत्तरे.

माझ्याकडे ३९० ड्यूक आहे. केटीएमचे दिवाळे निघाले होते म्हणतात. सुटे भाग मिळत राहतील ना? आणि आता केटीएम म्हणजे नारिंगी रंगाची पल्सर होणार का? (विद्यार्थी, कोथरूड)

तुमची ड्यूक बजाजच्या चाकणच्या कारखान्यातली आहे. २०१२मध्ये ड्यूक २०० आली, तेव्हापासून लहान ड्यूक तिथेच बनतात. डिसेंबर २०२४मध्ये ऑस्ट्रियात केटीएमचा माटिगहोफेनचा कारखाना थांबला, पण तुमच्या गाडीची लाइन तिथली नव्हतीच. सुट्या भागांची काळजी सोडा.

दिवाळ्याचे म्हणाल, तर २९ नोव्हेंबर २०२४ला केटीएमने पुनर्रचनेसाठी तिथल्या न्यायालयात अर्ज केला. गाड्या बनत राहिल्या, तेवढ्या विकल्या गेल्या नाहीत आणि पैसा गोदामात अडकला. फेब्रुवारी २०२५मध्ये धनकोंनी येण्याच्या ३० टक्क्यांवर तडजोड केली. कंपनी सावरायला बजाजने एकूण ८० कोटी युरोंची तजवीज केली. २००७मध्ये साडेचौदा टक्क्यांनी सुरू झालेली भागीदारी अशी मालकीपर्यंत पोचली.

पल्सरची भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. डॉमिनार ४०० आणि पल्सर एनएस४००झेडमधले ३७३ सीसी इंजिन जुन्या ३९० ड्यूकच्याच घराण्यातले आहे. तरी वरंध घाटात या गाड्या पाठोपाठ चालवून पाहा. वळणात ड्यूक जशी आत झुकते, तशी बाकीच्या झुकत नाहीत. तो फरक चासी (गाडीचा सांगाडा), सस्पेन्शन आणि ते जुळवणाऱ्या माणसांचा आहे. मालकाने खर्च कापताना ही माणसे कापली, तर तुमची भीती खरी ठरेल. बजाज ती चूक करणार नाही असे मला वाटते, कारण केटीएम घेतली ती याच गुणासाठी.

हिरो आणि बजाज एक होऊ शकतात का? झाले तर गाड्या स्वस्त होतील? (नोकरदार, हडपसर)

मनात आणले तरी सोपे नाही. एवढ्या मोठ्या विलीनीकरणाला स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते आणि बाजारातली स्पर्धा मारली जाईल असे दिसले तर आयोग ते अडवू शकतो. रोजच्या वापराच्या १०० सीसी गाडीचे गिऱ्हाईक आज स्प्लेंडर आणि प्लॅटिनाच्या दोन शोरूममध्ये भाव विचारून येते. दोन्हीकडे एकच मालक असेल, तर तो भाव का उतरवेल? स्वस्ताईची आशा धरू नका.

दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना मी साइड स्टँडचे ब्रॅकेट प्रेस करून देतो. उद्या त्या एकत्र आल्या, तर माझे काम दुप्पट होईल की बंद पडेल? (लघुउद्योजक, भोसरी)

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे कंपनीला भाग पुरवणारे उभे करण्यात, माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो.

कंपन्या जवळ आल्या की पहिली बैठक पर्चेसची, म्हणजे खरेदी खात्याची होते. दोघांचे पार्ट नंबर शेजारी मांडतात आणि जिथे जमेल तिथे एकच ड्रॉइंग करतात. मग एका ड्रॉइंगला दोन व्हेंडर कशाला, असा प्रश्न येतो. मी पाहिलेल्या एका शॉपमध्ये दोन कंपन्यांच्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) एकाच रॅकवर होत्या. ब्रॅकेट जवळजवळ सारखेच, फक्त भोकाच्या सेंटरमध्ये दोन मिलिमीटरचा फरक. ड्रॉइंग एक झाले आणि त्यातली एक डाय ग्रीस फासून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर गेली. डायचा खर्च मालकाने स्वतः केला होता. तो पीसमागे वसूल होईल हे फक्त तोंडी ठरलेले. पुढे मालाची मागणी, म्हणजे शेड्यूलच आले नाही आणि वसुली तिथेच संपली.

तेव्हा आजच तीन कागद काढा. डाय कोणाची, हे पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहिले आहे का? तुमची असेल, तर किती पीसमध्ये खर्च वसूल व्हायचा आणि तेवढे पीस उचलले नाहीत तर उरलेले पैसे कोण देणार, हे लेखी घ्या. दुसरा कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदीचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल, तर ती १५ दिवसांचीच. नव्या व्यवस्थेत बिले रखडली, तर हाच आधार. तिसरा कागद रिजेक्शनचा, म्हणजे नापास ठरलेल्या मालाचा. दोन व्हेंडरमधला एक ठेवायची वेळ येते, तेव्हा भावाइतकेच हे आकडे पाहतात. ते स्वच्छ असतील, तर काम दुप्पट होण्याची संधीही तुमचीच आहे.

आणि एक, सगळी अंडी दुचाकीच्या टोपलीत ठेवू नका. साइड स्टँड इलेक्ट्रिक गाडीलाही लागतो, पण प्रेस शॉप ट्रॅक्टरचेही काम करू शकते.

आमच्याकडे अजून किनेटिक होंडा आहे. इतकी चांगली जोडी मोडली कशी? आणि आता भाग कुठे शोधू? (निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

बाई, बटण दाबले की सुरू होणारी आणि गिअर नसलेली ती स्कूटर पुण्यातल्या कितीतरी स्त्रियांची पहिली गाडी होती, म्हणून तुमचा प्रश्न मलाही जवळचा आहे. १९८४च्या सुमारास जमलेली किनेटिक आणि जपानच्या होंडाची ही भागीदारी १९९८मध्ये संपली. पुढच्याच वर्षी होंडाने भारतात स्वतःची कंपनी काढली, मग ॲक्टिव्हा आणली. किनेटिकचा दुचाकी धंदा २००८मध्ये महिंद्राकडे गेला. हिरो आणि होंडाचेही २०१०च्या डिसेंबरात तसेच फाटले. तंत्र एकाचे आणि बाजार दुसऱ्याचा असला, की पहिल्याला बाजार कळेपर्यंतच जोडी टिकते. फरक इतकाच की हिरोने वेगळे झाल्यावर स्वतःचे संशोधन केंद्र जयपूरजवळ उभे केले आणि आपला पहिला नंबर राखला.

भागांसाठी नाना पेठेत जा. नुसते गाडीचे नाव सांगू नका, झिजलेला भाग काढून पिशवीतून घेऊन जा. व्हेरिएटरचा (गिअरचे काम करणाऱ्या भागाचा) बेल्ट असेल तर त्यावरचा नंबर पुसला जाण्याआधी कागदावर उतरवून ठेवा, आणि मिळालाच तर दोन घ्या.