ऑडिओ इंटरफेसच्या (कंप्युटरला जोडायच्या साउंड बॉक्सच्या) ऑप्टिकल आउटमधून डॅकला (डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग करणाऱ्या उपकरणाला) आवाज जात नाही, हेडफोनमध्ये मात्र नीट येतो. काय बदलू?

केबलला दोष देण्याआधी इंटरफेसचं कंट्रोल पॅनल उघडा. बऱ्याच इंटरफेसवर ऑप्टिकल पोर्ट एकच, पण डिजिटल आवाज पाठवायचे फॉरमॅट दोन: एडॅट (ADAT) आणि एसपीडीआयएफ (S/PDIF). एडॅट ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० नमुने) ८ चॅनेल पाठवतं, एसपीडीआयएफ २. साध्या डॅकला एडॅट कळतच नाही; लाल दिवा दिसतो, आवाज शून्य! म्हणून एसपीडीआयएफ निवडा. मग राउटिंगमध्ये (कोणता आवाज कुठल्या आउटला जातो ते ठरवतात तिथे) मुख्य स्टिरिओ मिक्स त्या आउटला जोडा, ते बहुधा आपोआप होत नाही.

इंटरफेसचं क्लॉक (नमुन्यांची लय ठरवणारं घड्याळ) इंटरनलच ठेवा, डॅक त्याच्यामागे चालतो. पुढे डॅकऐवजी दुसरा रेकॉर्डर जोडलात तर त्याचं क्लॉक एक्स्टर्नल करा आणि सॅम्पल रेट जुळवा, नाहीतर मधूनमधून टकटक ऐकू येईल.